फट्-फट्-टक्

"दादा आहेत का?"

एप्रिलची भर दुपार. शेडच्या दारात कुणीतरी उभं होतं. डोळ्यांवर काळा चष्मा चढवून एका सायलेन्सरचं भोक बुजवत बसलेल्या ज्ञानेश्वरीनं मानही वर केली नाही. हा प्रश्न तिला दिवसातून चार वेळा तरी यायचा आणि उत्तर तयारच असायचं.

"दादा नाय. मीच हाय. बोला."

"नाही, म्हणजे... सायलेन्सरचं काम होतं."

"मग? दाढी करायला आलाव असं म्हणलं का मी?"

दारातला माणूस हसला. अगदी मनापासून, स्वतःवरच. गिऱ्हाइकं अशा वेळी एकतर चिडायची नाहीतर खजील व्हायची. हसणारा पहिलाच. तिनं गॅस बंद केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पाहिलं. शिडशिडीत अंगाचा, इस्त्रीच्या शर्टाला पाठीवर घामाचा नकाशा, आणि हातात पिस्त्याच्या रंगाची जुनी गिअरची स्कूटर. एवढी जुनी स्कूटर इतकी पुसून ठेवलेली तिनं खूप दिवसांत पाहिली नव्हती.

खाली वाकून तिनं सायलेन्सर बघितला. कोरा करकरीत.

"नवा हाय की. काय बिघडलंय ह्याचं?"

"काहीच नाही," तो म्हणाला. "तेच तर. बिघडवायचाय."

मागच्या बाजेवर पडलेला मुंजाबा उठून बसला. मुंजाबा म्हणजे तिचा बाप. तरुणपणी अजिंठ्याकडच्या माळांवर मेंढरं राखली, मग शेंद्र्याला एका कारखान्यात वेल्डिंग शिकला आणि मोंढा नाक्याजवळ ही पत्र्याची शेड टाकली. वेल्डिंगच्या ज्योतीनं डोळे अधू केले तशी पोरीनं शेड हातात घेतली. आता तो बाजेवर पडून नुसत्या आवाजावरून गाड्यांचे आजार सांगायचा आणि लोक त्याला मानायचे.

"आवाज मोठा करून पाहिजे?" ज्ञानेश्वरीचा स्वर कडक झाला. "फटाके वाजवत पोरींच्या कॉलेजपुढनं फिरायचं असंल तर दुसरीकडं जा. आमी ते काम करत नाय."

"अहो, मी लायब्ररीत काम करतो! कॉलेजच्या ग्रंथालयात. दिवसभर लोकांना गप्प बसवण्याचा पगार घेतो." तो घाईघाईनं म्हणाला आणि मग थांबला. पुढचं बोलणं त्याला जड जात होतं. "वडिलांसाठी पाहिजे... जुना आवाज. अगदी होता तसा."

मग त्यानं सांगितलं ते असं. त्याचं नाव चिन्मय मुळे, घर समर्थनगरात. वडील आप्पासाहेब भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेले. आई गेल्यावर त्यांची आठवण विरत गेली. कधी चिन्मयचा चेहराही ओळखायचे नाहीत. पण स्कूटर ओळखायचे. स्कूटर त्यांचीच, पुढं मुलाच्या हातात आलेली. संध्याकाळी सहाला तिचा आवाज गल्लीत शिरला की आतून हाक यायची, 'चिनू आला!' आणि ते स्वतः कडी काढायचे. चेहरा विसरलेला माणूस आवाजावरून मुलाला घरात घ्यायचा.

"महिन्यापूर्वी शेजारी आवाजाबद्दल बोलले, एकदा पोलिसांनी दंडही केला. मी शहाणा! एका दुकानातून नवा सायलेन्सर बसवून टाकला. जुना भंगारात गेला... वितळलाही असेल." तो स्कूटरच्या सीटवरून उगाच हात फिरवत राहिला. "त्या दिवसापासून बाबा मला दारात उभं करून विचारतात, आपण कोण? माझा मुलगा यायचाय. मग त्याला शोधायला निघतात. दोनदा क्रांती चौकात सापडले, भर रहदारीत."

हातातला पाना ज्ञानेश्वरीनं हळूच खाली ठेवला.

"ताई पुण्याला असते. मनस्विनीताई. तिनं तिकडं एका वृद्धाश्रमात जागा बघितलीय. तिचंही चुकत नाही, तिला भीती वाटते. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी ती गाडी घेऊन येणार. तोवर बाबा पूर्वीसारखे कडी काढून मला घरात घ्यायला लागले तर नेणार नाही, असं ठरलंय. नाहीतर ते जातील... आणि त्यांच्यामागं मीही. इथं कुणासाठी राहायचं?"

"रेकॉर्डिंग हाय का आवाजाचं?"

"स्कूटरचा आवाज कोण रेकॉर्ड करून ठेवतं?"

"मग करून दाखवा."

"काय?"

"आवाज. तोंडानं." ती हाताची घडी घालून उभी राहिली. "मला कसं कळायचं त्याच्याबिगर?"

समोरच्या टपरीवर चार माणसं चहा पीत होती. चिन्मयनं त्यांच्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, घसा खाकरला आणि डोळे मिटून सुरू केलं. "फट्-फट्-फट्-फट्... फट्-फट्... टक्."

टपरीवरचे चहा अर्ध्यावर थांबले. मुंजाबा तोंड दाबून खोकला. ज्ञानेश्वरीनं मात्र हसू ओठाआड अडवलं. त्या माणसाचे मिटलेले डोळे तिला हसू देईनात. लाज गिळून तो खरंच तो आवाज ऐकत होता.

"ते टक् कुठलं?"

"माहीत नाही. पण असायचं. घराच्या फाटकाशी वळताना."

"उद्या दुपारी या," ती म्हणाली. "आन् पाणी पिऊन या. लई फट्-फट् करावं लागंल."

रोज दुपारी दीड वाजता, जेवणाच्या सुट्टीत, पिस्ता स्कूटर शेडमध्ये येऊ लागली. ज्ञानेश्वरीनं नवा सायलेन्सर उभा चिरला, आतली जाळी काढली, नळीला भोकं पाडली. सुरू करायचं, ऐकायचं, बंद करायचं. चिन्मय डोळे मिटून बसायचा आणि मान हलवायचा. जरा जाड. आता फार पातळ. आता रिक्षासारखा.

"रिक्षा?" ती भडकायची. "ह्यात रिक्षा कुठं ऐकू आली तुमाला?"

"तुम्ही चिडलात की पुढचं भोक नीट पडतं. म्हणून म्हणतो."

"कान धरून बाहेर काढीन."

"कान राहू द्या. कामाचे आहेत ते."

असं बोलायचं आणि मग दोघांनी दोन दिशांना बघायचं. मुंजाबाला कमी दिसत होतं, पण ऐकू चांगलं यायचं. या चार दिवसांत पोरगी सकाळपासून गुणगुणते आणि दीड वाजून पाच मिनिटं झाली की पाने आपटते, हे त्यानं बाजेवरून नोंदवून ठेवलं होतं.

एकदा सायलेन्सरच्या आत बघायला चिन्मयनं डोकं खाली घातलं आणि वर आला तो गालभर काजळी घेऊन. तिनं मनगटाची स्वच्छ बाजू पुढं केली आणि त्याचा गाल पुसला. एकदाच. मग तिलाच कळलं आपण काय केलं ते.

"राहिली का अजून?" त्यानं हळूच विचारलं.

"नाय."

"नीट बघा ना..."

"म्हणलं ना नाय!" तिनं चष्मा डोळ्यांवर ओढला. काळ्या काचेआड कुणाला काही दिसत नाही, तेवढंच बरं होतं.

पण दिवस पळत होते आणि आवाज काही हाताला लागत नव्हता. फट्-फट् जमलं, अगदी हुबेहूब. टक् जमेना. तिनं आत पत्र्याचा एक सुटा तुकडा ठेवून पाहिला, तर नुसतं खळखळ वाजलं. काढून टाकला. नवं बसवायचं, घट्ट आवळायचं. ज्ञानेश्वरीच्या हातचं काम ढिलं राहिलंय असं कुणी कधी म्हटलं नव्हतं, आणि तिलाही ते खपलं नसतं.

शेडच्या खांबाला एक जुनी घंटा टांगलेली होती, कळपातल्या पुढच्या मेंढीची. मुंजाबानं ती बोटानं हलवली.

"बाजारात घंटा घेताना आमी काय बघायचो ठावं हाय का? वरनं पितळ कसं का असंना. आतली जीभ ढिली पाहिजे. जीभ आवळली की घंटा बोलतच नाय."

"बा, ही स्कूटर हाय. मेंढी नाय."

"व्हय बाय," मुंजाबा म्हणाला आणि कुशीवर वळला.

शुक्रवारी संध्याकाळी ती पहिल्यांदा समर्थनगरात गेली. चिन्मयच म्हणाला, खरी परीक्षा बाबांच्या कानाची, तुम्ही समोर पाहिजे. ती गल्लीच्या कोपऱ्यावर उतरली आणि चालत फाटकापर्यंत आली. स्वयंपाकाला येणाऱ्या भामाबाई पदराला हात पुसत ओट्यावर उभ्या होत्या. सहा वाजले. स्कूटर गल्लीत शिरली. फट्-फट्-फट्...

आत हालचाल झाली. खुर्ची सरकली. ज्ञानेश्वरीनं फाटकाची सळई मुठीत धरली. दाराच्या काचेआड एक उंच, वाकलेली आकृती आली, हात कडीपर्यंत गेला. चिन्मय फाटकाशी वळला. स्कूटर बंद झाली.

हात कडीवरच थांबला. मग खाली आला.

"हा नव्हे," आतून सभ्य, थकलेला आवाज आला. "आपण नंतर या. माझा मुलगा यायचाय."

चिन्मय स्कूटरवर तसाच बसून राहिला. त्याच्याकडं बघवेना तिला. आपण एवढ्याशा टक् साठी हरलो, याचा तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचंच आहे असं तिनं स्वतःला बजावलं.

"दुसरा मेकॅनिक बघा," ती पुटपुटली. "माझ्या हातनं होत नाय."

"दुसरा नको."

"परवा रविवार हाय."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तरी दुसरा नको."

स्कूटर घेऊन ती शेडवर परतली. झोप कसली येते? शनिवारी सकाळपासून तिनं सगळं पुन्हा खोललं. पाच वाजता सायलेन्सर जागेवर चढवताना मागच्या कडीचा बोल्ट पिळता पिळता मोडला. जरा जास्तच जोर लागला होता. नवा आणायला मुंजाबा पुंडलिकच्या नटबोल्टच्या दुकानात गेला आणि ती वाट बघत बसली.

सव्वापाचला चिन्मय आला तो धावतच. चपलेचा अंगठा तुटलेला, आवाज फुटलेला.

"बाबा घरात नाहीत."

"कवापासनं?"

"अर्धा तास... जास्तही. आज नळाला पाणी आलं ना, आठ दिवसांनी. गल्लीभर पाण्याच्या मोटारी चालू, भामाबाई मागं टाक्या भरतायत. कडी वाजलेलीही कुणाला ऐकू आली नाही." त्यानं तिचा हातच धरला. "ज्ञानेश्वरी, मला काही सुचत नाही."

पहिल्यांदाच त्यानं तिला नावानं हाक मारली होती आणि ती ऐकायलाही वेळ नव्हता. बोल्ट नव्हता. तिनं खिळ्यावरची बांधकामाची तार ओढली, सायलेन्सरच्या मागच्या कडीतून घातली, पक्कडीनं दोन पीळ दिले.

"टिकंल का नाय सांगता येत नाय. बसा. मी मागं बसते."

समर्थनगर पालथं घातलं, औरंगपुरा झाला. प्रत्येक पांढऱ्या सदऱ्याजवळ चिन्मय वेग कमी करायचा आणि पुन्हा वाढवायचा. रस्त्यावर रिक्षा, हातगाड्या, बसगाड्या. या सगळ्यात एक म्हातारा माणूस आपल्या मुलाला शोधत चालत होता, आणि मुलगा त्याला. गुलमंडीकडं वळताना चिन्मयनं स्कूटर झुकवली.

टक्.

चिन्मयनं मुद्दाम दुसऱ्या बाजूला झोका घेतला. फट्-फट्-फट्... टक्. तारेवर टांगलेला सायलेन्सर वळणावर हलत होता आणि स्कूटरच्या पत्र्यावर आपटत होता.

"हाच," चिन्मय म्हणाला. "ज्ञानेश्वरी, हाच तो!"

दहा दिवस ती घट्ट करत बसली होती आणि आवाज होता ढिलेपणात. बाजेवरून बापानं सांगितलं होतं, तिनंच ऐकलं नव्हतं.

"थांबू नका," तिनं त्याच्या खांद्याला गच्च धरलं. "चालवत ऱ्हावा. जितकी वळणं घेता येतील तितकी घ्या. आपण त्यांना हुडकायचं नाय... त्यांनी आपल्याला हुडकायचं!"

शनिवारची संध्याकाळ, गुलमंडीत लग्नसराईची गर्दी. त्या गर्दीत एक पिस्ता स्कूटर वेड लागल्यासारखी डावीउजवीकडं झोके घेत निघाली. "अरे भाई, पीके आया क्या?" एक फेरीवाला ओरडला. चौकात हवालदारानं हात आडवा केला.

"गाडी बाजूला घ्या. सायलेन्सरचा आवाज केवढा!"

"साहेब, ह्यांचे वडील हरवलेत," ज्ञानेश्वरी एका दमात म्हणाली. "त्यांना मुलगा वळखू येत नाय. ह्यो आवाज येतो. दहा मिनटं वाजवू द्या, मग काय दंड करायचा तो करा."

हवालदारानं तिच्या काजळीच्या हातांकडं पाहिलं, चिन्मयच्या चेहऱ्याकडं पाहिलं, आणि शिट्टी फुंकून समोरच्या रिक्षा अडवल्या.

"जा. वाजवा."

कापडाच्या दुकानांच्या रांगेत ते शिरले. फट्-फट्-फट्... टक्. काहीच नाही. पुन्हा एक झोका. टक्. आणि डावीकडच्या एका दुकानात, गादीच्या कडेला पाण्याचा ग्लास घेऊन बसलेले आप्पासाहेब उठले. ग्लास त्यांनी नीट खाली ठेवला. पायऱ्या उतरले. चेहऱ्यावर असा आनंद, की समोरून येणारी सरबताची हातगाडी त्यांना दिसलीच नाही. ते सरळ रस्त्यात आले.

ज्ञानेश्वरीनं चालत्या स्कूटरवरून उडी टाकली. दोन ढांगांत तिनं त्यांना कवेत घेऊन मागं खेचलं. हातगाडी शिव्या देत पुढं गेली.

आप्पासाहेबांना त्याचं काहीच नव्हतं. ते तिच्या खांद्यावरून स्कूटरकडं बघत होते.

"चिनू! अरे, किती उशीर? आज पाणी आलंय. भरायचं नाही का?"

चिन्मय भर बाजारात वडिलांच्या कुशीत शिरून रडला. मग ते खाली वाकले. त्यांनी सायलेन्सरची तार बघितली, बोटानं चाचपली.

"पीळ दोनच दिलेत ना? बरं केलं. जास्त दिले की तुटते," ते म्हणाले. "मी दोनच देतो."

चिन्मयनं डोळे पुसले. कधीकाळी मोडलेला बोल्ट आणि त्या जागी बाबांनी स्वतःच बांधलेली, बदलत आलेली तार. जन्मभर तिचा आवाज ऐकला आणि एकदाही वाकून पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी फाटकासमोर पुण्याची मोटार उभी होती. ओट्यावर आप्पासाहेबांची बॅग भरलेली. मनस्विनीताईचे डोळे रात्रभर न मिटलेले. काल ते पुन्हा हरवले होते, एवढंच तिला कळत होतं.

"एकदा, ताई," चिन्मय म्हणाला. "एकदा बघ. मग तू म्हणशील तसं."

मग तो शेडवरून ज्ञानेश्वरीला आणायला गेला, पण या वेळी तिला कोपऱ्यावर उतरू द्यायला तो तयार नव्हता. "मागं बसा. तुम्ही बसलात की सायलेन्सर जास्त हलतो."

"म्हंजी मी जड हाय म्हणता?"

"आवाजासाठी म्हणतोय..."

तिनं त्याच्या पाठीत एक गुद्दा ठेवून दिला. आज दार उघडलं नाही तर हा माणूस दुपारपर्यंत या गावातून गेलेला असेल. हे तिला आता स्वतःपासून लपवता येईना. जाऊ नका, असं म्हणायचा आपल्याला काय हक्क? सायलेन्सर दुरुस्त करणारी आपण. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

फट्-फट्-फट्. गल्ली संपत आली. फाटक आलं. वळण.

टक्.

आत खुर्ची सरकली. काचेआड आकृती आली. हात कडीवर गेला आणि क्षणभर तिथंच राहिला. ज्ञानेश्वरीनं चिन्मयचा शर्ट मुठीत धरला.

कडी निघाली.

"चिनू आला!" आप्पासाहेब दारात उभे होते. "मनू, बघ, चिनू आला. भामाबाई, चहा टाका."

मनस्विनीताईनं तोंडावर हात दाबला. मग बॅग उचलली आणि घरात नेऊन ठेवली.

आप्पासाहेब पायरी उतरून जवळ आले. स्कूटरच्या मागच्या सीटवरून उतरलेल्या मुलीकडं त्यांनी निरखून पाहिलं. काल तिनं त्यांना हातगाडीसमोरून ओढलं होतं, त्याचा मागमूसही डोळ्यांत नव्हता.

"आणि ही कोण रे?"

"बाबा, ही... ही ज्ञानेश्वरी." चिन्मय थांबला. तिच्याकडं पाहिलं. काल बाजारात रडताना लाजला नव्हता, तो आता कानापर्यंत लाल झाला. "ही... म्हणजे तिची हरकत नसेल तर... मला हिच्याशी लग्न करायचंय."

भामाबाईंच्या हातात चहाचं भांडं तसंच राहिलं. ज्ञानेश्वरीला वाटलं, आता एखादं खणखणीत उत्तर सुचायला पाहिजे. ती जन्मभर उत्तरं तयार ठेवून जगली होती. एकही आठवेना.

"हरकत कशाला असंल?" ती हळूच म्हणाली. "मी तर वाट बघत हुते."

"उत्तम," आप्पासाहेब म्हणाले. "मग आत या. उन्हात काय उभे राहता?"

या गोष्टीला आता वर्ष होत आलं, लग्नही झालं. तार महिना-दीड महिन्यात झिजते आणि ज्ञानेश्वरी ती बदलते, दोनच पीळ देऊन. नवा बोल्ट शेडच्या फळीवर तसाच पडून आहे. संध्याकाळी शेड बंद करून ती चिन्मयच्या मागं बसते, सहाला फाटकाशी टक् वाजतं आणि कडी निघते. चिनूला आप्पासाहेब लगेच ओळखतात. मग मागं बघून रोज नव्यानं विचारतात, "आणि ही कोण रे?"

आणि चिन्मयला रोज नव्यानं, तितकंच लाजून सांगावं लागतं.

ज्ञानेश्वरी तेवढा वेळ स्कूटरवरून उतरत नाही. ऐकून घेते, आणि मगच उतरते.